कर्णा, फळी आणि पेटी

घरांतील लाउडस्पीकर म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें एक बंद पेटी उभी राहते. आवाज पेटींतूनच यावयाचा ही समजूत इतकी रुळली आहे, कीं पेटीवांचूनहि लाउडस्पीकर असूं शकतो हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. वस्तुतः पेटी मागाहून आली. तिच्या अगोदर एक साधी लाकडी फळी होती, आणि फळीच्या अगोदर कर्णा होता. फळीनें कर्ण्याची जागा कशी घेतली आणि पुढें ती स्वतः दिवाणखान्यांतून कां गेली, ही हकीकत आज सांगावयाची आहे. तींत यंत्रशास्त्राइतकाच आपल्या घरांच्या आकाराचाहि भाग आहे.

विजेच्या प्रवाहानें तारेचें वेटोळें हलवून आवाज काढावा, ही कल्पना जुनी. जर्मनीचे वेर्नर सीमेन्स यांनीं १८७४ सालीं आणि इंग्लंडांत ऑलिव्हर लॉज यांनीं १८९८ सालीं तिचीं पेटंटें घेतलीं. पण क्षीण प्रवाह वाढविणारा व्हॉल्व्ह तेव्हां जन्मासच आला नव्हता; त्यामुळें घरोघरीं जाण्याजोगें कांहीं निघालें नाहीं. १९१५ सालीं कॅलिफोर्नियांत पीटर जेन्सेन आणि एड्विन प्रिडम यांनीं असें वेटोळें कर्ण्यास जोडून मोठ्या समुदायाला भाषण ऐकविलें. सभेला कर्णा ठीक. दिवाणखान्यांत मात्र तो पंचाईत करी. कारण खर्ज नीट बाहेर पडावयाचा, तर कर्ण्याचें तोंड कित्येक फूट रुंद हवें. टेबलावर मावणारा, हंसाच्या मानेसारखा वळलेला कर्णा खर्ज कापूनच टाकी. मुंबईचें नभोवाणी-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, त्या सुमाराच्या घरगुती यंत्रांना असा कर्णा तरी असे, नाहीं तर कानाला लावावयाचे हेडफोन. त्यांतून गवई नाकांत गातो कीं काय असें वाटावें आणि डग्ग्याची नुसती टिचकी ऐकूं यावी, यांत गवयाचा किंवा तबलजीचा कांहीं दोष नव्हता.

हा दोष दूर करण्याचें श्रेय चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन इंजिनियरांस जातें. हे दोघे जनरल इलेक्ट्रिक कंपनींत काम करीत. त्यांचा निबंध १९२५ सालीं प्रसिद्ध झाला आणि त्याच्या मथळ्यांतच ‘हॉर्नलेस’, म्हणजे कर्णा नसलेला, हा शब्द होता. नव्या वस्तूचें नांव तिच्यांत काय नाहीं यावरून पडावें, इतका कर्ण्याचा पगडा त्या काळीं होता. त्यांनीं सुमारें सहा इंच व्यासाचा हलका शंकु घेतला, त्याच्या कडेला मऊ पट्टी लावून तो सैल टांगला आणि त्याची स्वाभाविक कंपनगति संगीताच्या खालच्या टोकाशीं आणून ठेवली. असें केलें म्हणजे तिच्या वरच्या बहुतेक सुरांना सारखाच न्याय मिळतो, हें त्यांनीं दाखविलें. लवकरच ‘रेडिओला १०४’ या नांवानें हा लाउडस्पीकर आपल्या अँप्लिफायरसह बाजारांत आला. आजच्या बहुतेक लाउडस्पीकरांत मूळ युक्ति तीच आहे.

पण कर्णा काढतांच एक अडचण उघडी पडली. शंकु पुढें सरकला म्हणजे समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं पाठीमागची विरळ होते. दाबलेली हवा कडेवरून वळून मागच्या पोकळींत शिरते, आणि आवाज श्रोत्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच दोहोंचा हिशेब आपसांत मिटून जातो. पाण्याच्या हौदांत तळहात सावकाश हलवून पाहा. पाणी बोटांवरून गुपचूप मागें जातें, लाट अशी उठत नाहीं. तोच हात झटक्यानें हलवा, म्हणजे पाण्याला वळावयास सवड मिळत नाहीं. तार सूर या फेऱ्यांतून सुटतात, खर्ज सांपडतो. उपाय इतका सोपा, कीं त्याला शोध म्हणावें कीं नाहीं असा प्रश्न पडावा. मोठ्या फळीला भोंक पाडावें आणि शंकु त्या भोंकामागें बसवावा. मग हवेला मागें जावयाचें तर सबंध फळीला वळसा घालावा लागेल. इंग्रजींत हिला बॅफल म्हणतात. आपल्याकडे आडोसा हा शब्द तिला चांगला शोभतो.

आडोसा केवढा हवा, याचें गणित लहान आहे. ध्वनि सेकंदाला सुमारें ११३० फूट जातो. म्हणून सेकंदाला १०० कंपनें असलेल्या सुराची लहर ११.३ फूट लांब असते. फळीची रुंदी लहरीच्या निम्म्याहून कमी झाली, कीं मागची लहर पुढचीला खाऊं लागते. म्हणजे १०० कंपनांसाठीं साडेपांच फुटांहून थोडी अधिक रुंद फळी हवी, आणि ५० कंपनांसाठीं सव्वाअकरा फूट! तीन फूट चौरस फळी घेतली, तर सुमारें १९० कंपनांपासूनच उतार लागतो आणि त्याखालीं दर सप्तकाला ध्वनीचा दाब निम्मा होत जातो. प्रत्यक्षांत इतकी निराशा होत नाहीं. फळी जमिनीवर उभी केली, तर जमीन आरशाचें काम करते आणि फळीची उंची दुप्पट झाल्यासारखें होतें. शिवाय शंकूचा स्वतःचा अनुनादहि खालच्या सुरांस हात देतो.

पहिल्या महायुद्धानंतरचीं वर्षें इंग्लंड-अमेरिकेंत हौशी कारागिराचीं होतीं. तयार यंत्र महाग, आणि ‘वायरलेस वर्ल्ड’सारख्या मासिकांतून नकाशे मिळत. राइस-केलॉग पद्धतीचा लाउडस्पीकर इंग्लंडांत ‘आर. के.’ या नांवानें विकत मिळे. ज्यास तो परवडत नसे, तो वेटोळें घरीं गुंडाळी आणि शंकु कागदाचा कापी. त्या काळचे कायमचे चुंबक पुरेसे जोरदार नव्हते, म्हणून चुंबकाला निराळा वीजप्रवाह पुरवावा लागे. फळीचें काम मात्र कोणत्याहि सुताराच्या आटोक्यांतलें होतें. त्यांत खुबी एकच: भोंक अगदीं मध्यावर पाडावयाचें नाहीं. मध्यावर पाडलें, तर मागची लहर सर्व कडांवरून जवळजवळ एकाच वेळीं पुढें येते, आणि तीन फुटांच्या फळींत ३८० कंपनांच्या आसपास आवाजांत खळगा पडतो. भोंक एका बाजूस सरकविलें, कीं अंतरें निरनिराळीं होतात आणि खळगा विखुरतो. ज्यांचें घर स्वतःचें होतें, त्यांच्यांतले कांहीं धाडसी लोक दोन खोल्यांमधल्या भिंतीलाच भोंक पाडीत. आडोसा म्हणून भिंतीला तोड नाहीं. पलीकडच्या खोलींतील मंडळींस काय वाटे, याची नोंद मासिकांनीं सहसा ठेवली नाहीं.

फळी दिवाणखान्यांतून नाहींशी झाली, ती या घरगुती कारणानें. १९३० नंतर रेडिओ आणि लाउडस्पीकर एकाच लाकडी कपाटांत आले. त्या कपाटाची पाठ उघडी असे, किंवा तिला भोंकांचा पुठ्ठा असे. व्हॉल्व्ह तापत, त्यांना हवा हवी. तेव्हां आपल्या वडील मंडळींच्या घरांतला मर्फी किंवा फिलिप्स हा खरें पाहतां घडी घातलेला आडोसाच होता. फळीच्या कडा मागें दुमडल्या, कीं कपाट झालें. मात्र दुमडतांना आंत एक पोकळी तयार होते आणि ती आपला स्वतःचा सूर धरते. जुन्या रेडिओच्या ज्या गोड घुमाऱ्याची आठवण लोक काढतात, त्यांतला बराचसा भाग गायकाचा नसून कपाटाचा होता.

पुढची पायरी पाठ बंद करण्याची. बेल प्रयोगशाळेंतील अल्बर्ट थुरास यांना १९३२ सालीं अशा पेटीचें पेटंट मिळालें, कीं जिच्या एका झरोक्यांतून मागचा ध्वनि उलटवून कामीं लावतां येतो. १९५४ सालीं एड्गर विल्चर यांनीं पेटी हवाबंद करून आंतल्या हवेलाच स्प्रिंग बनविलें, आणि पुस्तकांच्या कपाटावर मावणाऱ्या पेटींतून खोल खर्ज काढून दाखविला. चार वर्षांनीं, १९५८ मध्यें, स्टीरिओ तबकड्या बाजारांत आल्या. आतां एकाच्या जागीं दोन लाउडस्पीकर हवे झाले. दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत एक फळी कशीबशी मावेल, दोन कोठून मावणार? पेटी जिंकली ती खोलीच्या मापानें. कानानें तिला पहिला नंबर दिला होता, असें मला वाटत नाहीं. पेटीच्या भिंती थरथरतात, आंतला ध्वनि पातळ शंकूमधून पुन्हा बाहेर येतो, आणि मानवी आवाजाला पेटींत बसल्याचा वास लागतो.

म्हणूनच फळी पुरती मेली नाहीं. यॉर्कशायरचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनीं १९३२ सालीं व्हार्फडेल कंपनी काढली. लाउडस्पीकरावरील त्यांचें पुस्तक १९४८ सालीं निघालें, आणि पुढें त्यांनीं प्लायवुडच्या दोन तक्त्यांमध्यें कोरडी वाळू भरून न थरथरणारी उघडी फळी विकली. पीटर वॉकर यांच्या ‘क्वाड’ कंपनीनें १९५७ सालीं बाजारांत आणलेल्या स्थिर-विद्युत् लाउडस्पीकरालाहि पेटी नव्हती. त्याचा पातळ पडदा पुढें-मागें सारखाच बोले. सर्वांत चिकाटीचें काम मात्र सीग्फ्रीड लिंक्विट्झ यांचें. १९३५ सालीं जर्मनींत जन्मलेले हे इंजिनियर कॅलिफोर्नियांत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत मोजमापाचीं यंत्रें करीत. २०१८ सालीं निधन होईपर्यंत ते उघड्या फळीच्या मागें लागले होते, आणि तिचे नकाशे त्यांनीं हौशी कारागिरांस उपलब्ध करून दिले. फळी लहान ठेवावी आणि हरवणारा खर्ज अँप्लिफायरमध्येंच वाढवून भरून काढावा, ही त्यांची रीत. किंमत शंकु भरतो: सूर एक सप्तक खालीं गेला, कीं बंद पेटींतील शंकूला चौपट अंतर हलावें लागतें, उघड्या फळीवरच्याला आठपट.

याबद्दल मिळतें काय? उघडी फळी पुढें आणि मागें बोलते, कडेला जवळजवळ गप्प असते. तिच्या ध्वनीचा नकाशा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. बाजूच्या भिंतींवरून येणारे पडसाद त्यामुळें कमी होतात, आणि गाणें खोलीच्या घुमाऱ्यांतून मोकळें होतें. ज्यांना ढोलताशांचा दणका हवा, त्यांनीं पेटीच घ्यावी. ज्यांच्या घरीं ख्याल आणि भावगीत अधिक चालतें, त्यांनीं एकदां फळी करून पाहावी. पाऊण इंची प्लायवुड, बारा किंवा पंधरा इंची शंकु आणि मध्याच्या बाजूला पाडलेलें भोंक एवढ्यानें आरंभ होतो. फक्त ती भिंतीला टेकवूं नये. मागें निदान तीन फूट मोकळे सोडावे, कारण मागच्या आवाजालाहि फिरावयास जागा लागते.