स्पोकशेव्ह आणि विंडसर खुर्ची : हाय विकमच्या हस्तव्यवसायाचा एक दुर्लक्षित पैलू

औद्योगिक इंग्लंडचा इतिहास लिहिताना वाफेच्या इंजिनाला जेवढी प्रकरणे मिळतात, तेवढी पानेही हातहत्यारांच्या वाट्याला येत नाहीत. प्रस्तुत निबंधात अशाच एका साध्या हत्याराचा, म्हणजे स्पोकशेव्हचा, विंडसर खुर्चीच्या निर्मितीच्या अनुषंगाने विचार केला आहे.

स्पोकशेव्ह म्हणजे दोन्ही बाजूंना मुठी असलेला एक छोटा रंधाच होय. त्याच्या नावातच त्याचे मूळ दडलेले आहे : चाकाचे आरे तासण्याचे हत्यार. गाडीचे चाक बनविणाऱ्याकडून ते खुर्चीकाराकडे आले, यात नवल नाही. डॅनियल डिफोने आपल्या इंग्लंड-प्रवासवर्णनात (१७२४-२७) बकिंगहॅमशायरच्या बीच लाकडाचे उपयोग सांगताना लंडनच्या गाड्यांच्या चाकांचा आणि खुर्चीकारांचा उल्लेख एकाच ठिकाणी केला आहे. एकच जंगल दोन्ही व्यवसायांना लाकूड पुरवीत होते.

याच परगण्यातील चिल्टर्न टेकड्यांच्या कुशीत वसलेले हाय विकम हे गाव एकोणिसाव्या शतकात खुर्च्यांचे आगर बनले. १८७५ च्या सुमारास तेथे दररोज सुमारे ४,७०० खुर्च्या तयार होत असल्याचा अंदाज सांगितला जातो. हा आकडा ऐकून यंत्रांनी भरलेले कारखाने डोळ्यांपुढे उभे राहतात. प्रत्यक्षात या उत्पादनाचा फार मोठा भाग हातहत्यारांवर आणि कामाच्या विभागणीवर उभा होता. ‘बॉजर’ म्हणून ओळखले जाणारे कारागीर जंगलातच ओले बीच फोडून, लवचिक खांबाच्या जोरावर चालणाऱ्या कातावर पाय कातीत. बैठकीसाठी एल्म वापरीत, कारण त्याचे गुंतलेले तंतू सहसा दुभंगत नाहीत. पाठीची कमान ॲश किंवा यू लाकूड वाफेवर मऊ करून वाकविलेली असे. बैठक खोलगट करणारा कारागीर फळी पायांखाली धरून वाकसाने ती कोरीत असे. (वाकस आपल्या बलुतेदार सुतारालाही तितकेच जवळचे, मात्र पायांच्या मध्ये तो चालविण्याचे धाडस वेगळेच.)

वाकस जेथे थांबतो तेथून स्पोकशेव्हच्या कुळातील हत्यारांचे काम सुरू होते. बैठकीवरील वाकसाचे घाव बाकदार पात्याच्या ‘ट्रॅव्हिशर’ने पुसले जात. बैठकीची कड, कमानीचा गोलवा आणि पाठीच्या काड्यांचा उतार ही कामे स्पोकशेव्हची. जुन्या लाकडी स्पोकशेव्हचे पाते जवळजवळ आडवे बसविलेले असते. त्यामुळे तंतू आडवे कापतानाही तो स्वच्छ कापतो. लिओनार्ड बेलीसारख्या अमेरिकी उत्पादकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय केलेल्या लोखंडी प्रकारात मात्र पाते सामान्य रंध्याप्रमाणे तिरपे उभे असते. तो ठाकठीक लावणे सोपे. पण चिवट ओल्या लाकडावर जुन्या लाकडी प्रकाराची सर त्याला येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खरे कौशल्य पात्यापेक्षा तंतू वाचण्यात आहे. बहिर्वक्र भागावर उंचवट्याकडून उताराकडे, तर खोलगट भागात दोन्ही टोकांकडून तळाकडे हत्यार चालवावे लागते. दिशा चुकली की पाते तंतूंच्या खाली शिरते आणि लाकूड उचकटते. करवतीने कापलेल्या काडीत तंतू मध्येच तुटलेले असू शकतात; फोडून, तंतूंच्या मागोमाग तासलेल्या काडीत ते टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. म्हणूनच बोटाएवढ्या जाडीच्या काड्या माणसाच्या पाठीचा भार पिढ्यानपिढ्या पेलू शकतात. खुर्चीचा हलकेपणा ही केवळ सौंदर्याची बाब नसून हत्याराने लाकडाशी केलेल्या तडजोडीचे ते फलित आहे.

डेव्हिड पाय यांनी १९६८ मध्ये कारागिरीचे ‘जोखमीची’ आणि ‘खात्रीची’ असे दोन प्रकार मांडले. स्पोकशेव्हला या मांडणीत कोठे बसवावे? त्याचा आखूड तळ पाते किती खोल जाईल यावर मर्यादा घालतो. मात्र आकार कसा यावा याबाबत तो काहीच सांगत नाही. अर्धी खात्री हत्याराची, अर्धी जोखीम हाताची. कामाच्या नगावर मजुरी मिळविणाऱ्या कारागिराला हीच अवस्था सोयीची होती : वेग मिळे आणि हात गहाण पडत नसे.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. जंगलात राहणाऱ्या बॉजरचे रम्य चित्र इतके लोकप्रिय झाले आहे की गावातील कार्यशाळांत बाकावर वाकून काम करणारा कारागीर त्यामागे झाकला गेला. या कारागिरांचे जीवन रम्य नव्हते. १९१३-१४ च्या हिवाळ्यात मजुरीच्या वादातून हाय विकमच्या मालकांनी टाळेबंदी केली आणि हजारो कामगार कित्येक आठवडे बाहेर राहिले. हस्तकौशल्याचा गौरव करताना या टाळेबंदीचा उल्लेख टाळणे म्हणजे अर्धाच इतिहास सांगणे होय.

पुढे यंत्रांनी हे काम व्यापले. १९७८ मध्ये जॉन अलेक्झांडर यांच्या आणि १९८४ मध्ये मायकेल डनबार यांच्या पुस्तकांनी अमेरिकेत हाताने खुर्ची घडविण्याची आवड नव्याने जागविली. पण तेथे हत्यार धरणारा हात बहुधा हौशी माणसाचा होता, नगावर मजुरी मोजणाऱ्याचा नव्हे. जुन्या लाकडी स्पोकशेव्हच्या तोंडाशी पुष्कळदा पितळेची एक छोटी पट्टी जडविलेली आढळते. सततच्या घर्षणाने लाकूड झिजून तोंड रुंदावले की पट्टी बसवायची आणि तेच हत्यार पुन्हा कामाला लावायचे, अशी ही दुरुस्ती असे.