दोन वर्षं, पाच दिवस आणि स्नेप

१७ जुलै २००५, रविवार. अकरावीतला माझा भाचा सकाळीच दारात उभा, डोळे सुजलेले. कुणी गेलं की काय, म्हणून माझ्या पोटात धस्स झालं. गेले होते ते डम्बलडोर. हॅरी पॉटरचं सहावं पुस्तक आदल्या दिवशी आलं होतं आणि यानं ते रात्रभर जागून संपवलं होतं. त्यात शेवटाकडे शिक्षक सेव्हेरस स्नेप मनोऱ्यावर आपल्या म्हाताऱ्या, निःशस्त्र मुख्याध्यापकांना, याच डम्बलडोरना, मारून टाकतो.

"मावशी, फितूर निघाला गं तो! मला पहिल्यापासून माहीत होतं."

आधीची पाच पुस्तकं मी त्याच्याशी बोलायला विषय हवा म्हणून वाचली होती. सहावं आठवडाभर पुरवून वाचलं आणि त्याला फोन केला, "तुझा स्नेप फितूर नाही. तो भागुरायण आहे."

आयुष्यभर संस्कृत शिकवल्याचा हा परिणाम. 'मुद्राराक्षसा'तला भागुरायण चंद्रगुप्ताकडून पळून आल्याचं सोंग करतो, त्याच्या शत्रूचा, मलयकेतूचा जिवलग होतो आणि आतून शेवटपर्यंत चाणक्याचाच राहतो. आपल्यावर जीव टाकणाऱ्या मलयकेतूला फसवताना त्याला स्वतःचीच लाज वाटते, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे. फरक एवढाच, की नाटककार विशाखदत्त प्रेक्षकाला पहिल्याच अंकात कटात सामील करून घेतो. हॅरीच्या लेखिका रोलिंगबाईंनी आम्हाला दोन वर्षं दाराबाहेर उभं ठेवलं.

त्या दोन वर्षांत जगभरातल्या वाचकांनी ते पुस्तक जसं वाचलं, तसं आम्ही पदवीच्या वर्गात 'शाकुंतल'ही वाचलं नव्हतं. शब्दन् शब्द उलटापालटा करून. दुसऱ्या प्रकरणात स्नेप खलनायक व्होल्डेमॉर्टच्या गोटातल्या नार्सिसाला न मोडता येणारं वचन देतो, त्यातलं तिसरं कलम येताच त्याचा हात किंचित थरथरतो. का? डम्बलडोर मरण्यापूर्वी त्याला विनवतात, ती जीव वाचवण्यासाठी की जीव घेण्यासाठी? मारताना स्नेपच्या चेहऱ्यावर द्वेष आणि किळस असते. पण थोडंच आधी, गुहेत डम्बलडोरना बळेबळे विष पाजताना हॅरीलाही स्वतःबद्दल नेमकं तेच वाटलेलं असतं. ही जोडी सापडली त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही. शिवाय पळून जाताना तो हॅरीला मारत नाहीच, उलट तोंड आणि मन बंद ठेवायला शिक म्हणून खेकसतो. जिवावर उठलेल्या मुलाची शिकवणी घेणारा हा कसला खुनी?

भाचा बधत नव्हता. हॅरीच्या आईवडिलांच्या, लिली आणि जेम्सच्या मुळावर आलेली भविष्यवाणी व्होल्डेमॉर्टच्या कानावर घातली कुणी? स्नेपनंच. मग डम्बलडोरना त्याच्यावर इतका विश्वास का, याचं कारण ते कधीच का सांगत नाहीत? "म्हातारा चुकला, मावशी. म्हातारे चुकतात." हे माझ्याकडे बघून.

पैज लागली : हरणाऱ्यानं सातव्या पुस्तकाचे पैसे द्यायचे.

आम्ही दोघंच वेडे नव्हतो. अमेरिकेत बॉर्डर्स या पुस्तकांच्या दुकानांनी हा वाद चक्क विकायला काढला. स्नेपवर विश्वास ठेवा म्हणणारा एक स्टिकर, तो फार वाईट माणूस आहे म्हणणारा दुसरा. ऑगस्ट २००६मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये रोलिंगबाईंचं वाचन होतं. तिथे मुलाला घेऊन प्रश्न विचारायला उठले ते आपल्या मुंबईत जन्मलेले सलमान रश्दी. स्नेप चांगला आहे आणि डम्बलडोर मेलेलेच नाहीत, असा त्यांचा कयास. बाईंनी त्यांना थोडंफार गोंजारलं, पण डम्बलडोर नक्की गेले, असं स्पष्ट सांगून टाकलं. रश्दींची अर्धी बाजू कोसळलेली वाचून भाचा दिवसभर खुशीत होता.

हे सगळं चालू असताना एक माणूस मात्र गप्प होता. पडद्यावर स्नेप करणारे ॲलन रिकमन. रोलिंगबाईंनी त्यांना अगदी सुरुवातीलाच एक बारीकशी गोष्ट सांगून ठेवली होती आणि ती त्यांनी फोडली नाही. स्नेपची भूमिका करायला याहून लायक माणूस कुठून आणणार!

२१ जुलै २००७. लंडनच्या मध्यरात्रीला आपल्याकडे पहाटेचे साडेचार. सातवं पुस्तक आलं आणि तेहेतिसाव्या प्रकरणात वाद मिटला. शापित अंगठीनं डम्बलडोर तसेही वर्षभरात जाणारच होते. मारायला त्यांनीच सांगितलं होतं. स्नेप लहानपणापासून लिलीवर जीव लावून होता. तिला आपल्यामुळे मरण आलं, हे तो उरलेला जन्म फेडत राहिला.

आता माझी नात ती पुस्तकं वाचते. सहाव्यात मनोऱ्यावर पोहोचली तेव्हा ती रडली, पण तिला शेवट आधीच ठाऊक होता. तिसऱ्या कलमाशी हात थरथरला, तिथे तिनं नुसतं पान उलटलं. त्या ओळीशी आम्ही महिनाभर भांडलो होतो, हे तिला सांगूनही खरं वाटत नाही.

भाच्यानं मात्र तेव्हा पैज पूर्ण मानली नव्हती. सातवं पुस्तक आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन आला. मोजले, तर पुस्तकाची निम्मीच किंमत.

"फितूर नव्हता, कबूल," तो म्हणाला. "पण तू म्हणालीस भागुरायण. भागुरायण चाणक्याचा. हा डम्बलडोरचा कुठे होता? हा लिलीचा."

मी ते पाकीट 'मुद्राराक्षसा'च्या पाचव्या अंकात ठेवलं. अजून तिथेच आहे.