पडद्यावरची लढाई आणि गावची माणसं

फलटण, माण, खटाव या भागात लष्करात माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. तरीही परमुलखातल्या लढाया आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिल्या त्या सिनेमाच्या पडद्यावर. त्या कुणी, कशासाठी दाखवल्या, हे पाहण्यासारखं आहे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं पडद्यालाही लढाईला जुंपलं. १९४० साली फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन झालं. कोल्हापूरचे व्ही. शांताराम काही काळ त्याचे मुख्य निर्माते होते. पुढं ‘इंडियन न्यूज परेड’ हा बातमीपट आला आणि सरकारमान्य युद्धपट दाखवणं थिएटरांवर सक्तीचं झालं. कच्च्या फिल्मवर नियंत्रण होतं, त्यामुळं निर्मात्यांनाही सरकारची मर्जी सांभाळावी लागे.

नेमक्या त्याच वर्षांत साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं होतं. फलटण तेव्हा नाईक-निंबाळकरांचं संस्थान होतं. इकडं सरकारशी झुंज चालू आणि तिकडं मराठा पलटणी त्याच सरकारसाठी इटलीत लढत होत्या. यशवंत घाडगे १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव १९४५ मध्ये तिथं व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. घाडगे रणांगणावरच पडले.

अशा काळात सरकारला चालेल आणि लोकांनाही आपली वाटेल अशी युद्धकथा कुठली? शांतारामांनी निवडली सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची. १९३७ साली जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडं वैद्यकीय मदत मागितली. सुभाषबाबू अध्यक्ष असताना, १९३८ मध्ये काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक धाडलं. बाकीचे परतले, कोटणीस तिथंच राहिले. जपान इंग्रजांचाही शत्रू होता आणि पथक काँग्रेसचं होतं, त्यामुळं कथा दोन्हीकडं चालणारी होती.

‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ मध्ये पडद्यावर आला. आधार होता ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाचा, संगीत वसंत देसाईंचं. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली, तर त्यांच्या चिनी पत्नीची जयश्रीबाईंनी. इंग्रजी आवृत्तीही निघाली.

चित्रपटातले कोटणीस प्लेगवर उपाय शोधतात आणि त्याच रोगानं जातात. खरे कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी गेले, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. आघाडीवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया करून शरीर झिजवणाऱ्या माणसाला खरं म्हणजे प्लेगची जोड देण्याची गरज नव्हती. पण पडद्याला एक मोठा प्रसंग लागतो, आणि मग आपण प्रसंग लक्षात ठेवतो, झिजणं विसरतो.

कोटणीस आपणहून गेले, म्हणून त्यांची कथा झाली. हुकमानं गेलेल्यांचं काय? बातमीपटात आपले जवान कूच करताना दिसत, पण नावाशिवाय. त्याआधीच्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अन्नावाचून हाल सोसून एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या फौजेला शरण जावं लागलं. त्यातले कित्येक कैदेतून परतलेच नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. त्यांचा सिनेमा नाही.

म्हणून युद्धपट जरूर पाहावेत, पण पैसा कुणाचा, परवानगी कुणाची, आणि चौकटीबाहेर कोण राहिलं, हे विचारत पाहावेत. चौकटीबाहेरच्यांचा इतिहास अजून काही घरांत आहे: माळ्यावरच्या ट्रंकेत, पेन्शनच्या कागदांत, एखाद्या जुन्या पदकात. ते कागद वाळवी खाण्याआधी शाळेतल्या पोरांकडून नावासालासकट लिहून घेतले, तर कुणी कॅमेरा घेऊन येण्याची वाट पाहावी लागणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)