टिंब, चांदणी आणि ग्रेप

सर्व्हर दिवसभर जे काही करतो ते लॉगमध्ये ओळीमागून ओळ लिहून ठेवतो: वेळ, पत्ता, कुणी काय मागितलं, काय मिळालं. त्या लाखो ओळींतून हवा तेवढाच तुकडा उचलायला रेग्युलर एक्स्प्रेशन लागतं. माझं ते रोजचं काम. त्यातली हाताला सगळ्यात सवयीची खूण म्हणजे टिंब-चांदणी, '.*'. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. चांदणी म्हणजे ते कितीही वेळा, अगदी शून्य वेळासुद्धा.

ही चांदणी आली मेंदूच्या अभ्यासातून. १९४३ साली मॅक्युलक आणि पिट्स यांनी चेतापेशींचं एक गणिती चित्र मांडलं. अशा चेताजालाला नेमके कोणते क्रम ओळखता येतील, हा प्रश्न १९५१ मध्ये तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी रँड कॉर्पोरेशनसाठी लिहिलेल्या अहवालात सोडवला. त्या क्रमांना त्यांनी 'रेग्युलर' म्हटलं, आणि याहून बरं नाव सुचलं तर सांगा, असंही तिथेच लिहिलं. बरं नाव काही आलं नाही. नवशिक्याला त्या नावावरून आजही काही म्हणजे काही कळत नाही.

१९६८ मध्ये केन थॉम्पसनने चार पानी लेखात हे गणित मजकूर शोधायला वापरलं. पेठेतल्या बोळांत घर शोधायचंय असं समजा. एक माणूस प्रत्येक बोळात शिरून परत फिरेल, किंवा प्रत्येक फाट्यावर सगळ्या बोळांत एकदम माणसं सुटतील. थॉम्पसनची रीत दुसरी. मजकूर एकदाच वाचायचा, सगळ्या शक्यता सोबत चालवायच्या.

पुढे युनिक्सवर 'ग्रेप' आला. ब्रायन कर्निघन सांगतात, की ली मॅकमहनला अमेरिकेतल्या 'फेडरलिस्ट' निबंधांपैकी कुठला कुणी लिहिला ते तपासायचं होतं, पण तो मजकूर 'ईडी' या एडिटरमध्ये मावेना. थॉम्पसनने एडिटरमधला शोधणारा भागच वेगळा काढून दिला. फाइल अख्खी उचलायची नाही, ओळ-ओळ वाचायची. लॉगवर आपण आजही हेच करतो.

मात्र रोजच्या वापरात जिंकली ती पहिली रीत, परत फिरणारी. तिच्यात आधी सापडलेला तुकडाच पुढे पुन्हा शोधता येतो. थॉम्पसनच्या रीतीत ते बसत नाही. १९८७ मध्ये आलेल्या पर्लने ही सोय लोकप्रिय केली, मग पायथन, जावा, जावास्क्रिप्ट त्याच वाटेने गेल्या. सोय खरीच होती, पण माझ्या मते किंमत फार मोठी पडली. २००७ मध्ये रस कॉक्सने दाखवलं, की मुद्दाम रचलेल्या एका पॅटर्नने २९ अक्षरं तपासायला पर्लला मिनिटाहून जास्त लागतं. थॉम्पसनच्या रीतीला २० मायक्रोसेकंद.

२ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरच्या एका नव्या सुरक्षा-नियमात टिंब-चांदणीला लागून टिंब-चांदणी आली. पहिलीने किती घ्यायचं, दुसरीने किती, याच्या जोड्या जुळवण्यात जगभरचे त्यांचे सर्व्हर अडकले आणि असंख्य वेबसाइट २७ मिनिटं बंद पडल्या. त्यानंतर त्यांनी असं इंजिन घ्यायचं ठरवलं, की जे परत फिरतच नाही.

आमच्याकडचं इंजिन काही मी बदलू शकत नाही. म्हणून लॉगमधून पत्ता काढताना टिंब-चांदणी टाळून 'स्पेस सोडून काहीही' असं लिहितो. पुढची स्पेस आली, की तिला थांबावंच लागतं.