गंजिफा : एका खेळाचा अस्त व अर्धा उदय

राज्य बुडाले तर त्याची बखर होते, पंथ लोपला तर त्याच्या पोथ्या तरी कोनाड्यात उरतात. परंतु एखादा खेळ नाहीसा झाला तर त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. शेवटचा डाव मांडणाऱ्यांसही हा शेवटचा डाव आहे, याची कल्पना नसते. म्हणून खेळांचा इतिहास लिहू जाणाऱ्यास तवारिखांपेक्षा वस्तुसंग्रहालयांतील पेट्या आणि लोकांच्या तोंडचे शब्द यांवरच अधिक भिस्त ठेवावी लागते. गंजिफा हा आपल्याकडील असाच एक खेळ. तो लोपला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडी येथे पुन्हा उदयास आला, असे सर्वत्र सांगण्यात येते. ह्या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्धाविषयी मात्र जरा बारकाईने बोलणे जरूर आहे.

गंजिफा हे नाव फारसी. १५२७ साली बाबराने सिंधमधील शाह हसन अर्घून याजकडे गंजिफा धाडल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे अबुल फजलाने 'ऐने अकबरी'त बारा रंगांच्या, म्हणजे १४४ पानांच्या जोडाचे वर्णन केले. लोकांत जो मोगली गंजिफा रूढ झाला तो मात्र आठ रंगांचा व ९६ पानांचा असून, त्याच्या खुणा ताज, शमशेर, गुलाम अशा अस्सल दरबारी होत्या. हा दरबारी खेळ हिंदू समाजाच्या हाती आला तेव्हा त्याने त्याचे जे रूपांतर केले ते मोठे मौजेचे आहे. ताज आणि शमशेर उठून गेले व त्यांच्या जागी दशावतार येऊन बसले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, मिळून १२०. मत्स्याच्या रंगास मासा, वामनाच्या रंगास कमंडलू, परशुरामास परशु, कल्कीस तलवार अशा खुणा. पाने वाटोळी, हाताने रंगविलेली व लाखेचे रोगण दिलेली. ज्या कोकणात दशावतारी नाटकांचा मृदंग अजून रात्रभर घुमतो, त्या मुलखात हा जोड लोकप्रिय व्हावा यात नवल ते कोणते?

खेळण्याची रीत ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. डाव तिघांचा. वाटोळी पाने हातात धरून पिसता येत नाहीत. म्हणून ती चादरीवर पालथी पसरून कालवावयाची व प्रत्येकास ४० वाटावयाची. डाव दिवसाचा असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने आरंभ करावा, रात्रीचा असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याजवळ त्याने. पाच रंगांत राजा-प्रधानांच्या खालोखाल दश्शी मोठी व एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पाच रंगांत हाच क्रम उलटा. इतर रंगांवर मात करणारा असा एखादा रंग ह्या खेळात नाही. गंजिफ्यात 'हुकूम' म्हणजे एखाद्या रंगातील वरची सर्व पाने उतरून गेल्यावर उरलेले सर्वांत मोठे पान. अर्थात १२० पानांपैकी कोणती गेली व कोणती राहिली, हे अखेरपर्यंत ध्यानात ठेवणे हाच ह्या खेळाचा प्राण होय. प्रधान हातात असून राजा पडला की नाही हे जो विसरला, त्याचा प्रधान फुकट गेला. 'हुकूम' हा शब्द आजही आपल्या पत्त्यांच्या डावात आहे. मात्र त्याचा अर्थ आता मात करणारा रंग असा झाला आहे. पूर्वी हुकूम स्मरणाने मिळवावा लागे, आता तो डावाच्या आरंभी नेमून दिला जातो. ह्या एका शब्दाच्या स्थित्यंतरात गंजिफ्याच्या अस्ताची कहाणी बरीचशी सामावलेली आहे.

अस्ताचे कारण विचारले असता विलायती छापील पत्ते असे उत्तर मिळते. ते खोटे नव्हे. लंडनच्या टॉमस डी ला रू याने १८३१ साली रंगीत पत्ते छापण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि एकोणिसाव्या शतकात यंत्राचे पत्ते स्वस्त होऊन जगभर पसरले. इकडे चिताऱ्याने चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवावे, त्यांवर लेप द्यावा, घोटावे, रंगवावे आणि असे १२० वेळा करावे. ह्या दोहोंची स्पर्धा ती काय होणार! तथापि स्वस्ताई हे अर्धेच कारण, असे आम्हांस वाटते. गंजिफ्यातही दरबार कलम आणि बाजार कलम असे दोन दर्जे होते, व बाजारी जोड सामान्य माणसाकरिताच असे. खरी गोष्ट अशी की, ५२ पानांच्या जोडात अनेक खेळ राहतात. मेंढीकोट कंटाळवाणा झाला तर रमी, रमी पुरे झाली तर ब्रिज. गंजिफ्याच्या जोडात मुख्यतः एकच खेळ होता, आणि तो पुस्तकात वाचून येण्यासारखा नव्हता. वडीलधाऱ्यांच्या मांडीशी बसून शिकावा लागे. एक पिढी तशी बसली नाही, की विद्या संपली. शिकल्यासवरल्या वर्गाने ह्या काळात पत्त्यांस व्यसनाच्या कोटीत टाकले आणि स्वतः मात्र क्लबात ब्रिज मांडला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

बुद्धिबळाने निराळी वाट धरली. आपल्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चाले. तो नियम व त्याबरोबर आणखी काही सोडून देऊन बुद्धिबळाने पाश्चात्त्य रीत स्वीकारली आणि ते तगले. गंजिफ्यास अशी तडजोड करण्याची सोयच नव्हती; दहा रंग सोडले तर गंजिफा कोठे उरला?

सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. तोवर दरबारच्या आश्रयावर तगून राहिलेली ही चित्रकला त्यानंतर निराधार झाली, व गंजिफा रंगविण्याची पूर्ण कृती जाणणारे हात अगदी बोटांवर मोजण्याइतके उरले. अशा वेळी शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी स्वतः एका वयोवृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या शिकून घेतली, तरुणांस शिकविली, आणि १९७१ साली राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' ही संस्था सुरू केली. राजाने कारागिराचे शिष्यत्व पत्करावे हे दृश्य आपल्या इतिहासात विरळाच, आणि त्याचे श्रेय त्या दांपत्यास मुक्तकंठाने दिले पाहिजे. दशावतारी जोडाखेरीज १०८ पानांचा नवग्रहांचा व १४४ पानांचा राशींचा असे जोडही तेथे होऊ लागले. १९८२ साली रुडॉल्फ फॉन लायडन यांचा हिंदुस्थानी गंजिफ्यांवरील ग्रंथ लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट वस्तुसंग्रहालयाने काढला, त्यामुळे परदेशातही ह्या पानांची कीर्ती झाली.

पण ही पाने विकत नेणारा गृहस्थ घरी गेल्यावर त्यांचे काय करतो? बहुधा चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगतो. ज्या वस्तूचे सार्थक हातात धरून, टाकून, जिंकून, झिजवून होते ती काचेआड गेली. पाने जगली, डाव जगला नाही. ओडिशात अद्याप काही ठिकाणी गंजपा खेळणारी मंडळी आहेत, परंतु आपल्याकडे एखाद्या लग्नघरी जमलेल्या शंभर माणसांत रामाचा राजा दिवसा उतरावयाचा हे ठाऊक असलेला एक जण निघाला तरी भाग्य समजावे.

कान्हे फाट्यावरून आंदर मावळात शिरून टाकवे बुद्रुकसारख्या गावी देवळाच्या ओट्यावर मंडळींचा मेंढीकोट रंगलेला पाहावा. तेथे दश्श्या पकडण्यासाठी चाललेली चुरस पाहून गंजिफ्यातील दश्शीचा थाट आठवतो. परंतु दोहोंचे नाते जोडण्याचा मोह आवरलेला बरा. त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकास चार पोरे मोबाईलवर खेळत असतात. वडील मंडळी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने त्यांच्या आज्यांनी पत्त्यांकडे पाहिले असेल. ह्या नव्या खेळांतही जाती आहेत, आणि त्यांतील कित्येक मेल्या व पुन्हा जन्मल्या, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखा मात्र पक्क्या सापडतात, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकास त्या उपयोगी आहेत.

एकच जात घेऊ : ज्यांत गोष्ट वाचावयाची, कोडी सोडवावयाची व आपण काय करणार ते लिहून कळवावयाचे, असे शब्दमय साहसखेळ. विल क्रोथर ह्या अमेरिकनाने १९७५-७६च्या सुमारास रचलेल्या गुहेच्या खेळापासून त्यांचा आरंभ धरतात. १९७९ साली निघालेल्या इन्फोकॉम कंपनीने 'झॉर्क'सारखे खेळ विकून त्यांस भरभराट आणली. चित्रांचे खेळ येताच धंदा खालावला, आणि १९८९ साली ती कंपनी बंद पडली. पण खेळणारे उठून गेले नाहीत. ग्रॅहॅम नेल्सन ह्या इंग्रज गणितज्ञाने १९९३ साली असे खेळ रचण्याचे साधन करून लोकांस फुकट दिले, आणि १९९५ पासून हौशी रचनाकारांची वार्षिक स्पर्धा भरू लागली. चित्रमय साहसखेळांवरही पुढे तीच पाळी आली. व्यापाऱ्यांनी त्यांस गिऱ्हाईक नाही असे ठरविले, व २००४ साली तर एक तयार होत असलेला खेळ मध्येच टाकून देण्यात आला. २०१२ साली टिम शेफर ह्या जुन्या रचनाकाराने थेट लोकांपुढे झोळी पसरून चार लाख डॉलर मागितले. ८७ हजारांहून अधिक लोकांनी त्यास ३३ लाखांवर डॉलर दिले, ते न झालेल्या खेळासाठी! तो खेळ २०१४ व २०१५ साली दोन भागांत निघाला. तो सर्वांस आवडला असे नव्हे. परंतु गिऱ्हाईक नाही हे म्हणणे खोटे ठरले.

तिकडे आधी खेळणारे शिल्लक होते व मागाहून वस्तू आली. सावंतवाडीस वस्तू आधी आली आणि खेळणारे अजून यावयाचे आहेत. कारागिरास जगविण्याचे काम राजवाड्याने केले, पण खेळाडू राजवाड्यात निर्माण होत नसतात. ते काम घरांचे आहे, आणि आपल्या घरांनी ते केलेले नाही. संगणकावर गंजिफा मांडावा अशी सूचना कोणी करील. ती टाकाऊ नाही. यंत्र १२० पाने क्षणात पिसून वाटील, तीन गावच्या तिघांस एका डावास बसवील, कोणत्या रंगात क्रम उलटा हेही नवख्यास सांगेल. मात्र गेलेली पाने लक्षात ठेवण्याचे काम त्याच्यावर सोपविता कामा नये, नाहीतर माणसाने करावयाचे काही उरणारच नाही. यंत्र नको असेल तर पुठ्ठ्याची १२० वाटोळी पाने कापून त्यांवर शाईने खुणा काढल्या तरी भागते. बाजार कलमाचा जोड तरी याहून फार निराळा कोठे होता! तिघे जण आणि एक चादर हवी. दिवे लागले असतील तर कृष्णाचा राजा कोणाकडे आहे, ते आधी विचारावे.