शिडी आणि दोन किल्ल्या

डहाणू-तलासरीच्या मंडळींना फेरफार म्हणजे काय हे मी सांगायला नको. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी नोंद घेतो, नोटीस काढतो, पंधरा दिवस हरकतींची वाट बघतो. पण ती नोंद प्रमाणित तो करत नाही. ते मंडळ अधिकाऱ्याचं काम. लिहिणारा वेगळा, कायम करणारा वेगळा. आज बोलायचंय नेटवर्क स्विचबद्दल, पण ही नोंदवही उघडीच राहू द्या.

स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण नव्हे. कचेरीतल्या संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात, तो डबा. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट. म्हणजे असल्या डब्यांना कोणी काय हुकूम द्यावा, हा प्रश्न आता खेड्याचाही आहे.

प्रश्न मात्र जुना. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायची पद्धत दाखवली गेली, आणि लगेच पासवर्ड आला. १९६६ च्या सुमारास तिथे एक गंमत झाली. एक प्रशासक पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता, दुसरा त्याच वेळी सर्वांना दिसणारा दिवसाचा संदेश. दोघांची तात्पुरती फाइल एकाच नावाची निघाली, अदलाबदल झाली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांचे पासवर्ड वाचायला मिळाले! दोघेही अधिकारी, दोघेही प्रामाणिक. पुढे मल्टिक्स या प्रणालीत अधिकारांची एकात एक वर्तुळं आखली गेली. आणि १९७५ मध्ये साल्ट्झर आणि श्रोडर यांनी एक निबंध लिहिला. त्यातली दोन तत्त्वं आपल्या कामाची. एक, ज्याला जेवढं काम तेवढाच अधिकार. दुसरं, महत्त्वाचं कुलूप दोन किल्ल्यांनी उघडावं, आणि त्या दोन माणसांकडे असाव्यात.

आता सिस्कोचा स्विच बघा. त्यात शून्य ते पंधरा अशा पायऱ्या. शून्यावर आत-बाहेर करण्यापुरते चार-पाच हुकूम. पहिलीवर बरंचसं बघता येतं, बदलता काही येत नाही. पंधरावीवर सगळं. मधल्या पायऱ्या तुम्ही ठरवायच्या: अमुक हुकूम सातवीला, तमुक दहावीला. वरच्या पायरीला खालचं सगळं आपोआप. पण एक खोच आहे. ‘शो आयपी ट्रॅफिक’ हा एकच हुकूम पंधरावीला नेला, तर त्याच्या आधीचे ‘शो’ आणि ‘शो आयपी’ हेही सोबत वर जातात, वेगळं सांगून ठेवलं नसेल तर. म्हणजे एकाचं बदलणं थांबवायला गेलात आणि दुसऱ्याचं बघणंही थांबलं.

आणि बघणं ही लहान गोष्ट नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा उमटवणाऱ्या वारल्याला त्या कागदात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. तो कायम शून्याच्या पायरीवर. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरीला मे १९४५ मध्ये वारली जमले आणि वेठ करणार नाही म्हणाले. कागदाचा प्रश्न त्यानंतरही उरलाच. १९७४ च्या दुरुस्तीने महसूल संहितेत कलम ३६-अ आलं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी, आणि तीही राज्य सरकारच्या पूर्वमान्यतेने. हुकूम नुसता वरच्या पायरीला नेला नाही, त्याला दोन किल्ल्या लावल्या. तलाठ्याच्या वर तहसीलदार, त्याच्या वर प्रांत, ही शिडी होतीच. तेवढ्यावर भागत नाही हे कायद्याला कळलं होतं.

स्विचला मात्र शिडीच आहे. पंधरावीवरचा माणूस लिहितो आणि कायमही तोच करतो.

एका महाविद्यालयात मी पाहिलेलं सांगतो. पंधरावीचा पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. एके दिवशी परीक्षेचे अर्ज भरायच्या वेळी अख्खं जाळं बंद पडलं. पोरं रांगेत, शेवटची तारीख. कोणी काय केलं ते बघायला गेलो तर नोंदीत एवढंच की बदल झाला. माणूस नाही. पाचही जण यंत्राच्या लेखी एकच! शेवटी ठपका आला तो सर्वांत खालच्या, रोजंदारीवरच्या मुलावर. त्याने केलं नसेलच असं मी म्हणत नाही, पण केलं हे कोणालाच दाखवता आलं नाही. गणेशोत्सवानंतर तो दिसला नाही.

याला इलाज आहे. प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं खातं द्यायचं आणि हुकूम चालवण्याआधी स्विचने दुसऱ्या यंत्राला विचारायचं: हा माणूस, हा हुकूम, चालेल का? त्यासाठीचा टॅकॅक्स हा करार १९८० च्या दशकात अमेरिकेच्या लष्करी जाळ्यासाठी घडला. सिस्कोने पुढे त्याची टॅकॅक्स प्लस ही आवृत्ती केली. त्यात प्रत्येक हुकूम नावानिशी लिहिला जातो. फेरफार नोंदवहीच्या जरा जवळ आलो.

त्या महाविद्यालयात नंतर हे बसवलं. बसवणाऱ्या तरुणाला मी विचारलं, बाबा रे, त्या विचारायच्या यंत्राचा पासवर्ड कोणाकडे?

म्हणाला, "सर, माझ्याकडेच."