सिल्व्हर ओककडे सरकणारे तास

28 ऑक्टोबर 2021. एसटी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता 28 टक्के झाला आणि संघटनांच्या कृती समितीने आंदोलन मागे घेतले. आगारातल्या चालक-वाहकांनी ते मानले नाही. एसटीचे राज्य शासनात विलीनीकरण, ही एकच मागणी उरली. पुढे अमरावतीतल्या राजापेठच्या बसस्थानकातून लालपरी सुटेना आणि प्रवासी काळीपिवळीकडे वळले. वर्षानुवर्षे वर्गणी घेणाऱ्या संघटनांवरून कामगाराचा विश्वास उडाला होता. माझ्या मते पुढच्या सगळ्याचे मूळ तिथेच आहे.

24 नोव्हेंबर. परिवहनमंत्री अनिल परब यांनी वेतनवाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांच्या मूळ वेतनात 5 हजारांची भर पडली. शेजारी तोवर संपाचे पुढारी असलेले गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत बसले होते. दुसऱ्या दिवशी दोघेही संपकऱ्यांचा तळ असलेले मुंबईतले आझाद मैदान सोडून गेले. कामगार मात्र तिथेच राहिले आणि पुढारीपण वकील गुणरत्न सदावर्ते यांच्याकडे गेले.

सिल्व्हर ओकवरच्या हल्ल्याच्या 88 दिवस आधी, 10 जानेवारी 2022. सत्ताधारी आघाडीचे नेते शरद पवार यांनी बैठक घेतली. कॅमेऱ्यांसमोर संघटनांच्या प्रतिनिधींनी ‘कामावर या’ असे आवाहन केले. ज्यांच्यासाठी ते होते, ते त्या संघटनांना आपले मानतच नव्हते. निलंबने, बडतर्फ्या चालू होत्या. आत्महत्यांचा आकडा संपकरी शंभरापुढे सांगत होते.

35 दिवस आधी, 4 मार्च. विलीनीकरण शक्य नाही, हा उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या समितीचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला.

एक दिवस आधी, 7 एप्रिल. 22 एप्रिलपर्यंत रुजू व्हा, असे उच्च न्यायालयाने सांगितले. रुजू होणाऱ्यांची नोकरी वाचणार होती. मैदानावर गुलाल उधळला गेला. विलीनीकरण मिळालेच नव्हते, तरी त्याला विजय म्हटले गेले. हा गुलाल मला सर्वांत जास्त खुपतो.

8 एप्रिल, दुपारी तीननंतर. शंभरावर कर्मचारी पवारांच्या ‘सिल्व्हर ओक’ निवासस्थानी धडकले. चपला आणि दगड भिरकावले गेले. कॅमेरे हजर होते, पुरेसे पोलीस नव्हते. पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे हात जोडून बाहेर आल्या आणि बोलायची तयारी दाखवू लागल्या. घरात वडीलधारी माणसे असताना असा हल्ला अक्षम्यच. पण कामगारांशी थेट बोलण्याची ती तयारी पाच महिने आधी कुठल्याच तोलामोलाच्या नेत्याने दाखवली नाही, हेही तितकेच खरे.

संध्याकाळ. आपण कर्मचाऱ्यांच्या पाठीशी आहोत, चुकीच्या नेतृत्वाच्या नाही, असे पवार म्हणाले. सदावर्तेंना ताब्यात घेतले गेले.

मध्यरात्र. पोलिसांनी आझाद मैदान रिकामे केले. संपकरी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर गेले, तिथूनही त्यांना हटवले. दुसऱ्या दिवशी 109 जण न्यायालयीन कोठडीत गेले.

सरकार बदलले. ऑक्टोबर 2022 मध्ये या प्रकरणातल्या 118 बडतर्फांना परत घेण्याचा निर्णय झाला आणि त्याचे श्रेय नव्या मुख्यमंत्र्यांच्या खात्यावर जमा झाले. विलीनीकरण झाले नाही.